पिंपळशेंड्याची राहिलेली रेषा

“मारल्यावर हलायचं नाही, नासिरभाई. पाय उचलायचा नाही, खोकायचं नाही. जमीन बोलून राहिली, तिला बोलू द्या.”

हा आवाज रागिणीताईंचा. किती माळांवर, किती नाल्यांच्या काठांवर मी तो ऐकला. आता अमरावतीतल्या एका कचेरीत मी दाराच्या फटीत पडून आहे. वाऱ्यानं दार हलतं आणि माझ्यावर येऊन आपटतं. तेवढाच काय तो माझा उपयोग. दार आपटलं की मला ताईंचा आवाज आठवतो, आणि मग राग येतो.

मित्रांनो, मी एक जुना घण आहे. राग वाईट असतो, तो मनात धरू नये, हे मी जाणतो. चांगली माणसं सकाळी दिव्यापुढे हात जोडताना तेच मागतात, की देवा, कोणाबद्दल मनात वाकडं येऊ देऊ नकोस. मीही आजवर कोणाबद्दल वाकडं धरलं नाही. माझं कामच घाव घालण्याचं, पण मी कधी रागानं घाव घातला नाही. आज मात्र माझा राग मी तुम्हाला सांगणार आहे. तो ऐका आणि खरा वाटला तर ठेवून घ्या.

माझा जन्म अकोल्याचा. जुन्या शहरात पुंजाजी लोहारांचं दुकान होतं, तिथं त्यांच्या भात्यापुढे मी लाल झालो आणि त्यांच्या ऐरणीवर माझं तोंड सपाट झालं. दांडा मेळघाटातून आला, तिवसाच्या लाकडाचा. हे लाकूड लवतं, पण मोडत नाही, म्हणून वऱ्हाडातले शेतकरी औतांना ते जपून वापरतात. मला तयार करून पुंजाजींनी हातात तोलून पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, “याले गोटे फोडाले नको लावू बाप्पा. याचं तोंड असं बसते की घाव इकडचा तिकडं होत नाही. याले नीट काम दे.”

ते गिऱ्हाईक म्हणजे नासिरभाई. अमरावतीचे. त्यांची स्वतःची जीप, आणि ती जीप ते एका कंपनीच्या कामाला लावत. ही कंपनी बांधकामाच्या आधी जमीन तपासून देते. पूल, धरण, शाळा, पाण्याची टाकी, काहीही बांधायचं असो, वरून सपाट दिसणाऱ्या जमिनीच्या पोटात काय आहे ते आधी कळायला हवं. आपल्या वऱ्हाडात तर हवंच हवं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर भरवसा ठेवून उभी केलेली भिंत ती दोन पावसाळ्यांत तडकवून दाखवते.

तुम्ही म्हणाल, खोदून पाहावं, त्यात काय! खोदतातही. पण एक भोक पाडलं तर तेवढ्याच जागेचं कळतं. दोन भोकांच्या मधे काय दडलंय ते कोण सांगणार? ते मी सांगायचो. म्हणजे मी एकटा नाही, आम्ही सगळे मिळून.

तुमची आई बाजारात मडकं घेताना काय करते? टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. आमचंही काम तसंच. जमिनीवर एक सरळ दोरी ताणायची. दोरीलगत थोड्या थोड्या अंतरावर नारिंगी टोपीची लहान यंत्रं मातीत खोचायची. त्यांना जिओफोन म्हणतात, पण नासिरभाई त्यांना ‘कान’च म्हणत. दोरीच्या टोकाशी एक लोखंडी पाट ठेवायचा आणि त्यावर मला आपटायचं. आवाज जमिनीत शिरतो. काळ्या मातीतून तो चिखलातल्या बैलगाडीसारखा रखडत जातो, मुरमातून बरा चालतो आणि खालचा काळा पाषाण लागला की धावत सुटतो. कोणत्या कानाला तो कधी ऐकू आला, यावरून कंपनीच्या भूशास्त्रज्ञ रागिणीताई पाषाण किती खोल आहे, मुरूम कुठं जाड आहे आणि कुठं काही पोकळ किंवा ढिलं आहे, ते काढत. अशा दोरीच्या एका ओळीला त्या रेषा म्हणत. एका जागेवर अशा अनेक रेषा मारायच्या, तेव्हा जमिनीचं पोट कळतं.

माझ्या मानेला एक वायर चिकटवलेली होती. घाव बसला की त्याच क्षणी ती यंत्राला कळवायची. नासिरभाई म्हणायचे, “पाहा मॅडम, याच्या गळ्यात ताईत हाये. याले नजर नाही लागत.”

आणि घाव बसला की सगळे स्तब्ध. कोणी पाऊल टाकलं तरी कानांना तेच ऐकू येतं आणि खालचा आवाज बुडतो. म्हणून ताई तसं सांगत. मला ती शांतता फार आवडायची. देवळात घंटा वाजून गेल्यावर नाद विरेपर्यंत कोणी बोलत नाही, तशी ती शांतता. मी जमिनीला मारत नव्हतो मित्रांनो, मी तिला हाक मारत होतो.

खूप फिरलो मी. धारणीकडे जंगलातल्या एका नाल्यावर पूल व्हायचा होता. पाषाण वरच आहे, असं सगळे धरून चालले होते. आम्ही रेषा मारल्या तेव्हा एका काठाला तो बराच खाली निघाला. पुलाच्या साहेबांनी ताईंचं म्हणणं ऐकलं आणि त्या बाजूचा पाया खोल नेला. पूल झाल्यावर गावच्या माणसांनी मोहाच्या फुलांचा हार आणला होता. तो ताईंनी माझ्या दांड्याला अडकवला. तेल्हाऱ्याला तर गंमतच. तिथली माती इतकी खोल, की मी जीव खाऊन आपटत होतो आणि खालून पाषाण काही बोलतच नव्हता. नासिरभाई घाम पुसत म्हणाले, “मॅडम, इथं देव गोटा टाकाले विसरला काय?” ताई इतक्या हसल्या, की तो घाव पुन्हा घ्यावा लागला.

त्या दिवसांची आठवण आली की मी मऊ होतो. पण आज मला मऊ व्हायचं नाही.

ऐका आता. तिवसा तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत, पिंपळशेंडा नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेचं छत वादळात गेलं आणि पोरं मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसू लागली. नवी शाळा मंजूर झाली, गावाबाहेरची मोकळी जागा ठरली. श्रावणात पावसानं उघडीप दिली तेव्हा जमीन तपासायला आम्ही गेलो.

पहिल्याच दिवशी तिथं सुभद्राकाकू भेटल्या. त्यांचं घर त्या जागेला लागूनच. रोज पहाटे स्नान करून तुळशीला पाणी घालायचं आणि मगच तोंडात घोट घ्यायचा, अशी त्यांची रीत. त्यांची नात प्राजक्ता तिसरीत होती आणि देवळात बसून शिकत होती. काकूंनी ताईंना चहा दिला आणि विचारलं, “शाळा पक्की होईन ना व पोरी? आमची प्राजक्ता त्या देवळात घंटा वाजली की पाढे इसरते.”

“होईल काकू. खालची जमीन नीट पाहून घेतो, मग पक्की होईल.”

दिवसभर रेषा मारल्या. संध्याकाळच्या रेषेत शेवटच्या कानांना आवाज उशिरा आला. ताईंनी घाव पुन्हा मारायला लावला, तरी उशिराच. त्या नासिरभाईंना म्हणाल्या, “इथं पलीकडे काहीतरी ढिलं आहे. भरलेला खड्डा असेल, जुनी बुजवलेली विहीर असेल. उद्या त्यावरून मधली रेषा मारू. तीच खरी महत्त्वाची.” जिथून ती रेषा सुरू व्हायची तिथं त्यांनी एक खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी ताणली. नासिरभाईंनी मला उचललं, तोच काकू हातात पूजेचं ताट घेऊन घाईनं आल्या. आवाज मात्र नेहमीसारखाच हळू.

“भाऊ, थांबा जरा. आज नागपंचमी हाये. आज आमी मातीले घाव नाही घालत. नांगर नाही, कुदळ नाही. घरात विळी चालवत नाही, तवा चढवत नाही. तुमचं काम मोठं हाये, मले समजते. पण आजच्या दिवस...”

नासिरभाईंनी मला लगेच खाली उतरवलं. “काकू, तुमी म्हणता आज नाही, तर आज नाही. एका दिवसानं जमीन कुठं पळून जाते?”

ताईंनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं. पाऊस केव्हाही आला असता. पण त्यांनी दोरी गुंडाळली. म्हणाल्या, “काकू, आज नाही मारत. उद्या येते. ही रेषा मारल्याशिवाय तुमच्या शाळेचा पाया भरू देणार नाही, हे माझं वचन.”

काकूंनी ताटातलं कुंकू बोटावर घेतलं, ताईंना लावलं आणि मग खाली वाकून माझ्या कपाळालाही लावलं. “याले बी आज सुट्टी,” म्हणाल्या. मग सगळ्यांना कढीभात वाढला. ताईंनी त्यांना आपला फोन नंबर दिला.

मित्रांनो, यात कोणाची चूक झाली? माझ्या मते कोणाचीच नाही. वर्षभर आपण मातीला नांगरतो, खणतो, जाळतो. एक दिवस तिला हात लावू नये असं कोणाला वाटलं, तर ती शहाण्या माणसांची रीत आहे. चूक त्यानंतर झाली.

त्याच दिवशी दुपारी कचेरीतून धर्मेंद्रसाहेबांचा फोन आला. ते आमच्या कंपनीचं इथलं सगळं काम पाहतात. धारणीच्या वाटेवर दरड खचली होती, बस आणि जीपगाड्या अडकल्या होत्या, ताबडतोब तपासणी हवी होती. काम खरंच तातडीचं होतं. ताई म्हणाल्या, “साहेब, इथं एक रेषा राहिली आहे.” पलीकडून उत्तर आलं, “मी दुसरी टीम पाठवतो उद्याच. तुम्ही निघा.” धारणीचं काम जमिनीत वीज सोडून पाहणाऱ्या यंत्राचं होतं, त्याला घण लागत नाही. म्हणून नासिरभाईंनी मला जाता जाता या कचेरीत ठेवलं. “येतो रे,” म्हणाले.

मी दुसऱ्या टीमची वाट पाहत बसलो. कोणी आलं नाही. एका दुपारी संगणकावरच्या माणसानं विचारलं, “साहेब, पिंपळशेंड्याची मधली रेषा कुठाय?”

धर्मेंद्रसाहेब पेढा खात होते. म्हणाले, “तिच्या बाजूची हाये ना? तेच आकडे उचल अन् दे टाकून. थोडेसे हलव मात्र, एकदम जुळे नको दिसाले.”

“पण मॅडम म्हणत होत्या तिथं काहीतरी...”

“अरे, दोन्ही रेषा पाच-सात पावलांवर हायेत. पाच-सात पावलांत जमीन काय धर्म बदलते काय?”

आणि झालं. जी रेषा कोणी मारली नाही, ती मारली गेली म्हणून छापली. माझं तोंड जिथं पडलं नाही, तिथला घाव त्यांनी माझ्या नावावर लावला. मला ओरडावंसं वाटलं. पण घणाला आवाज कधी? कोणी उचलून आपटलं तर.

तेव्हापासून मी दाराशी आहे. त्यांनी माझा उपयोग शोधला तो हा. कधी भिंतीत खिळा ठोकला, कधी सुपारी फोडली. खंडेनवमीला कचेरीत हत्यारांची पूजा झाली. संगणकाला झेंडूचा हार, छपाईच्या यंत्राला हार, साहेबांच्या गाडीला तर दोन हार. मी दारात पडलेलो, आणि पूजेला येणारे जाणारे मला ओलांडून जात होते. मला हाराचा हव्यास नाही, मित्रांनो. पण ज्या हातांनी खोटे आकडे भरले, तेच हात त्या दिवशी उदबत्ती ओवाळत होते. ते पाहून माझ्या तिवसाच्या दांड्यातून कळ गेली. देव काय उदबत्तीचा धूर मोजतो? देव कामात असतो. दुसऱ्याच्या लेकरांच्या पायाखाली काय आहे ते न पाहता ‘पाहिलं’ म्हणणं, याहून मोठं पाप कोणतं ते मला अजून कळलेलं नाही.

काल शनिवार होता. एकेका दरडीपायी महिनोन् महिने लांबलेलं धारणीचं काम आटोपून रागिणीताई कचेरीत आल्या. उन्हानं काळवंडल्या होत्या. साहेबांशी बोलत उभ्या होत्या, तोच त्यांचा फोन वाजला. काकूंना फोनवर मोठ्यानं बोलायची सवय असावी, कारण दारापर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला.

“पोरी, मी सुभद्रा, पिंपळशेंड्याची. तू येतो म्हणून गेली. इथं आता चुना टाकून राहिले. सोमवारी पाया भरणार म्हणतात.”

“काकू, ती रेषा झाली ना? दुसरी माणसं आली असतील.”

“कोणीच नाही आलं व माय. तुझी खुंटी मी राखून ठेवली. बकऱ्या नाही बांधू देल्या तिले, पोराईले हात नाही लावू देला. अन् एक सांगतो, पावसात त्या खुंटीपुढं पाणी साचत नव्हतं. आजूबाजूले सारी डबकी, अन् तिथं गपकन आत जाये. मले वाटलं तुले सांगावं. तू म्हणली होती ना, ही रेषा मारल्याबिगर पाया नाही भरू देत?”

“म्हटलं होतं, काकू,” ताई एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग साहेबांकडे वळल्या. “ती रेषा कोणी मारली?”

“मॅडम, आता कायले उकरून काढता? रिपोर्ट गेला, मंजूर झाला.”

“कोणी मारली?”

साहेब हसले. “रेषा अडवली कोणी, ते सांगा ना आधी. तुमच्या त्या काकूनंच. नागपंचमी, म्हणे! आता तिलेच सांगा, नागोबाले बोलावून पाया भरून घे म्हणून.”

संगणकावरचा माणूसही हसला. मित्रांनो, त्या हसण्यानं माझं लोखंड तापलं. पुंजाजींच्या भात्यापुढे इतका तापलो नव्हतो. एक बाई एक दिवस मातीला जपते, आणि ज्यानं त्यापुढच्या एकाही दिवशी काम केलं नाही तो आपला आळस तिच्या व्रतामागे लपवतो!

ताईंचा आवाज चढला नाही. “काकूंनी एक दिवस मागितला होता, साहेब. बाकीचे सगळे दिवस तुमच्याकडे होते.”

“बरं, मग करा काय करायचं ते. उद्या रविवार. कंपनीचा एक माणूस नाही मिळणार तुम्हाले.”

“नको,” ताई म्हणाल्या आणि निघून गेल्या. जाताना मला ओलांडून गेल्या नाहीत. वाकल्या, मला बाजूला सरकवलं, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा नीट ठेवलं.

मित्रांनो, आत्मकथा सांगणारे शेवटी काहीतरी मागतात. आम्हाला जपा, तेल लावा, पावसात ठेवू नका. मला तेल नको. मी गंजलो तरी चालेल. मी तुमच्याकडे वेगळंच मागतो. मोठे व्हाल, इंजिनीअर व्हाल, साहेब व्हाल. तेव्हा न केलेलं काम ‘केलं’ म्हणून लिहू नका. राहिलं असेल तर ‘राहिलं’ म्हणा. त्यात लाज नाही. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी करता येतं, पण खोटं सांगितलेलं काम कोणी पुन्हा करायला जात नाही. आणि तुम्ही ज्या वर्गात आज बसला आहात, त्याच्या फरशीखाली काय आहे ते कोणीतरी खरोखर ऐकलं होतं का, हे एकदा विचारा. विचारायला लाजू नका. तुमचेच पाय तिच्यावर आहेत.

आज रविवार. ऊन नुकतंच दारावर आलंय. फाटकाच्या कुलपात किल्ली फिरली आणि रागिणीताई आत आल्या. त्यांनी फळीवरून कानांची पेटी काढली, वायरचं भेंडोळं खांद्यावर घेतलं, यंत्र उचललं, सगळं बाहेर नेऊन ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि ओढणीच्या टोकानं माझं तोंड पुसलं. कपाळाच्या खाचेत काकूंचं कुंकू अजून थोडं अडकलेलं होतं. तेवढं त्यांनी पुसलं नाही.

त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं. इतके महिने माझ्यावर टेकून राहिलेलं ते दार मागे आपोआप लागलं.

फाटकाबाहेर नासिरभाईंची जीप उभी होती. “या या, आमचे ताईतवाले!” त्यांनी मला घेतलं आणि पायाशी ठेवलं. “मॅडम, चहा घेऊन निघू?”

“येताना घेऊ, नासिरभाई.”

नासिरभाईंनी गिअर टाकला. जीप वळली आणि तिवस्याच्या रस्त्याला लागली.